पिसाचा मनोरा कलला कसा, आणि त्याला आणखी कलवला कुणी?

पायाखोल

पिसाचा मनोरा का कलला असं विचारलं की "जमीन भुसभुशीत होती" एवढं बोलून लोक मोकळे होतात. वाक्य खरं आहे, पण गोष्टीची निम्मी मजासुद्धा त्यात येत नाही. माती आणि पाया हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे या मनोऱ्यावर माझा भारी जीव आहे. साडेआठशे वर्षांत कितीतरी जणांनी त्याला सुधारायला हात लावला आणि बहुतेक वेळा तो आणखी कलला. ती सगळी हकीकत एका जागी यावी म्हणून हा धागा.

सुरुवात एका बाईपासून होते. दोन्ना बेर्ता नावाच्या विधवेने ११७२ साली मनोऱ्याच्या दगडांसाठी ६० सोल्दी (तेव्हाची नाणी) दान दिले. तेव्हा पिसा म्हणजे भूमध्य समुद्रावरची जबरदस्त आरमारी सत्ता. कॅथेड्रल उभं होतं, शेजारी बाप्तिस्मागृहाचं काम चालू होतं, आता घंटांसाठी मनोरा हवा होता. ऑगस्ट ११७३ मध्ये काम सुरू झालं.

आता पाया बघा. मनोरा जवळपास ५६ मीटर उंच, वजन साधारण १४,५०० टन, आणि पाया खोल किती? जेमतेम ३ मीटर! त्याखाली काय आहे? आर्नो आणि सेर्किओ नद्यांनी आणून टाकलेला गाळ. वरचे १० मीटर कुठे वाळू, कुठे गाळ, कुठे चिकणमाती, असं सगळं मिसळलेलं. त्याखाली थेट ४० मीटर खोलीपर्यंत प्रामुख्याने मऊ सागरी चिकणमाती. तिच्या वरच्या थराला तिथले लोक 'पांकोने' म्हणतात. वरच्या थरात दक्षिणेकडे चिकणमातीचं प्रमाण थोडं जास्त, म्हणजे ती बाजू थोडी जास्त दबणारी. बस्स, एवढ्याशा फरकावर पुढचं सगळं रामायण.

चौथ्या मजल्याला हात घातला आणि ११७८ च्या सुमारास काम थांबलं. राजकारण, लढाया. थांबलं ते जवळजवळ १०० वर्षं! आणि याच खोळंब्याने मनोरा वाचला. वजनाखाली चिकणमातीतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि माती घट्ट होत जाते, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात. त्या वेळी काम तसंच रेटलं असतं तर खालची माती फाटून मनोरा तेव्हाच आडवा झाला असता, असं नंतरच्या अभियंत्यांनी गणिताने दाखवलं आहे. १२७२ मध्ये जोव्हान्नी दी सिमोने याने काम परत सुरू केलं, १२७८ च्या सुमारास सातव्या मजल्यावर पुन्हा थांबलं. १२८४ च्या मेलोरियाच्या लढाईत जेनोआने पिसाचं आरमार बुडवलं. मातीला आणखी ८०-९० वर्षं विश्रांती. मग १३६० नंतर तोम्माझो पिसानोने वर घंटाघर चढवलं आणि मनोरा पुरा झाला.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. प्रश्न विचारा, बिनधास्त.

रानमोगरा

रुमाल टाकून ठेवते. मुलाला शाळेत प्रकल्प आहे, त्याला वाचून दाखवणार.

एक विचारू का? दक्षिणेची बाजू दबणारी होती तर पहिल्या दोन-तीन मजल्यांतच कळलं असेल ना? मग पुढे बांधत कसे गेले?

पायाखोल

रानमोगराताई, इथेच तर खरी धमाल आहे. पहिल्या टप्प्यात मनोरा दक्षिणेकडे नाही, किंचित उत्तरेकडे झुकला होता! पाव अंशापेक्षाही कमी. शंभर वर्षांनी वजन वाढायला लागलं तसा तो फिरून दक्षिणेकडे गेला. कललेल्या मजल्यावर पुढचा मजला बांधताना गवंड्यांनी दर वेळी तो थोडा ओळंब्यात आणायचा प्रयत्न केला. एका बाजूचे दगड जरा जास्त जाड घडवायचे, दुसऱ्या बाजूचे कमी. त्यामुळे मनोरा नुसता कललेला नाही, तो केळ्यासारखा वाकलेलाही आहे. त्या दगडांच्या उंचीतले फरक मोजून आजच्या अभियंत्यांनी कुठल्या काळात तो किती कलला होता त्याचा हिशेब मांडला. गवंड्यांनी नोंदवही ठेवली नाही, पण प्रत्येक थरात मोजमाप लिहून ठेवलं म्हणा ना! मला तर त्या अनाम माणसांना भेटावंसं वाटतं.

आडवाट

एवढं कशाला, कंत्राटदाराने माल खाल्ला असणार. आपल्याकडे पूल का पडतात?

पायाखोल

आडवाट, या माणसांवर हा आळ नको. काम अव्वल दर्जाचं होतं. आत-बाहेर संगमरवरी दगडांची भिंत, मधे दगडगोटे आणि चुना. चुन्याचा दर्जा वाईट असता तर इतका कलूनही ही भिंत शाबूत राहिलीच नसती. चुना हळूहळू पक्का होतो आणि थोडंफार सोसून घेतो. दोष असेल तर तो जागेचा, आणि बाराव्या शतकात जमिनीत ४० मीटर खाली बघायची काही सोयच नव्हती. त्याच पिसात सान निकोला आणि सान मिकेले या चर्चचे मनोरेही कललेले आहेत. सगळं गावच त्या मातीवर बसलंय.

बांधला कुणी हेही पक्कं नाही. बोनान्नो पिसानोचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं, काही जण दिओतिसाल्वीचं घेतात. एवढी जगप्रसिद्ध इमारत आणि तिच्यावर कर्त्याची सही नाही!

खान्देशी_वांगं

आमच्याकडे काळ्या मातीत घर बांधलं की दोन पावसाळ्यांत भिंतीला चीर जाते. पिसाचं प्रकरण तसलंच का?

पायाखोल

भाऊ, चांगला प्रश्न. माती दोन्हीकडे चिकण, पण खोड वेगळी. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. घर वर-खाली होतं म्हणून भिंत तडकते. त्यासाठी आपण पाया त्या थराच्या खाली, मुरमापर्यंत नेतो किंवा खाली फुगीर बूड असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, घेतो. पिसाची माती बारा महिने पाण्याने भरलेली. ती फुगत-आकसत नाही, वजनाखाली नुसती दबत जाते. आजवर मनोरा सरासरी अडीच ते तीन मीटर जमिनीत बसला आहे.

आणि एक. इथे नुसतं 'एक बाजू जास्त दबली' एवढ्यावर भागत नाही. कापसाच्या गादीवर गॅसचा भरलेला सिलिंडर उभा करा. एका उंचीपर्यंत ठीक. त्यावर आणखी वजन चढवत गेलात तर एक वेळ अशी येते की तो थोडा कलला की वरचं वजन त्याच बाजूला येतं, त्याने गादी आणखी दबते, तो आणखी कलतो. गादी कितीही एकसारखी पिंजलेली असो. मनोरा त्या वेळेच्या अगदी काठावर उभा होता. त्यामुळे बारीकसा धक्काही त्याला पुरायचा.

सई_तोस्काना

मी फ्लोरेन्सजवळ राहते. पाहुणे आले की पिसाची फेरी ठरलेली. वर चढताना जे जाणवतं ते फोटोत कधीच येत नाही. जिना भिंतीच्या पोटातून गोल फिरत जातो. कलत्या बाजूला आलात की अंग आपोआप भिंतीवर रेलतं, अर्धा फेरा झाला की पलीकडच्या भिंतीवर. संगमरवरी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत, पण झीज सगळीकडे मधोमध नाही. माणसं जिकडे ढकलली जातात तिकडे ती सरकलेली आहे. आमच्या मावशी दर वळणाला "अगं धर मला" म्हणत चढल्या आणि वर पोचल्यावर खाली यायलाच तयार नव्हत्या!

पायाखोल म्हणतात ती दुरुस्ती वर डोळ्यांनी दिसते. घंटाघरात जायला दक्षिणेच्या बाजूने सहा पायऱ्या आहेत आणि उत्तरेच्या बाजूने चार. तोम्माझोने आपला मजला सपाट करायला घातलेली ही पाचर.

पायाखोल

सईताई, त्या सहा आणि चार पायऱ्या मला सगळ्या मनोऱ्यात लाडक्या आहेत. धन्यवाद!

आता सुधारकांची यादी.

१८३८. अलेस्सांद्रो गेरार्देस्का हा वास्तुविशारद. मनोरा जमिनीत रुतल्यामुळे खांबांची सुंदर बैठक मातीखाली गेली होती. लोकांना ती दिसावी म्हणून त्याने मनोऱ्याभोवती गोल चर खणून फरसबंद वाट केली. हेतू किती छान! पण दक्षिणेला तो चर भूजलाच्या पातळीखाली गेला. पाणी उसळून आत आलं आणि मनोरा एकदम अर्ध्या अंशाच्या आसपास आणखी कलला.

१९३४. मुसोलिनीला देशाच्या नावाला कलता मनोरा शोभत नाही असं वाटलं. सरळ करा, असा हुकूम सुटला. पायात ३६१ भोकं पाडून सुमारे ८० टन सिमेंटचा रस आत भरला. पाया मजबूत झाला, वजनही वाढलं, आणि मनोरा पुन्हा दक्षिणेकडे सरकला. हुकूमशहाचं मातीने ऐकलं नाही, हे वाचताना मला दर वेळी मोठ्याने हसू येतं.

मग १९६०-७० च्या दशकांत परिसरात खोल विहिरींतून पाण्याचा उपसा वाढला, त्यानेही कल वाढायला लागला. विहिरी बंद केल्यावर वेग परत उतरला.

आडवाट

चर खणणारा, भोकं पाडणारा आणि पाणी उपसणारा. आमच्या गल्लीत रस्ता झाल्यावर हे तिघे याच क्रमाने येतात! हसून हसून पुरेवाट.

निळावंती

दुसऱ्या महायुद्धातली हकीकतही इथे यायला हवी. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य पिसात होतं आणि मनोऱ्यावरून टेहळणी चालते असा अमेरिकनांना संशय होता. तोफांचा मारा करायचा की नाही हे ठरवायला एका सार्जंटला पुढे पाठवलं होतं. त्याने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं आणि मारा करायला सांगितलंच नाही. पुढे मुलाखतींत त्याने सांगितलं की मनोरा आणि आसपासच्या इमारती इतक्या सुंदर दिसत होत्या की शब्द फुटेना. त्याच जुलैमध्ये शेजारचं काम्पोसांतो, म्हणजे जुनं स्मशान, तोफगोळ्याच्या आगीत होरपळलं आणि भिंतींवरची चित्रं गेली. मनोरा किती थोडक्यात वाचला बघा.

पायाखोल

निळावंती, हे आलं ते फार बरं झालं.

आता शेवटचा अंक. १७ मार्च १९८९ ला पाव्हिया गावचा जुना नगरमनोरा कसलीही सूचना न देता कोसळला, चार माणसं गेली. इटली हादरली. पिसाचा मनोरा तेव्हा साडेपाच अंश कललेला, वरचं टोक बुडापेक्षा साडेचार मीटर बाहेर. जानेवारी १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद झाला. इटालियन सरकारने समिती नेमली, अध्यक्ष मिकेले यामिओल्कोव्स्की. त्यात लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे जॉन बर्लंड होते. मातीच्या अभियांत्रिकीत हे नाव आम्ही कान पकडून घेतो.

बर्लंड यांनी जुन्या मोजणीच्या नोंदी चाळल्या. १९११ पासून दरवर्षी मनोरा मोजला जात होता. सगळ्यांची समजूत अशी की दक्षिणेची बाजू खचत चाललीय. नोंदी सांगत होत्या की उत्तरेची बाजू वर उचलली जातेय! मग उत्तरेला वजन ठेवा. १९९३ मध्ये उत्तरेच्या बाजूला काँक्रीटचं कडं घालून त्यावर शिशाच्या लगडी रचल्या, जवळपास ६०० टन. दिसायला भयंकर. पण इतिहासात पहिल्यांदाच मनोरा उलट्या दिशेने, कणभर का होईना, हलला.

लगडी फार कुरूप दिसतात म्हणून त्याऐवजी जमिनीत खोल रोवून पक्के केलेले दोर लावायचं ठरलं. त्यासाठी दक्षिणेला खणायचं होतं, आणि पाणी येऊ नये म्हणून द्रव नायट्रोजनने जमीन गोठवायला घेतली. सप्टेंबर १९९५. जमीन गोठली आणि मनोरा दक्षिणेकडे निघाला! एरवी जेवढं सरकायला महिने लागायचे तेवढं दिवसात. धावाधाव करून शिसं ९०० टनांपर्यंत वाढवलं तेव्हा थांबला. या क्षेत्रातली माणसं त्याला 'काळा सप्टेंबर' म्हणतात.

रानमोगरा

अरे देवा! वाचतानाच पोटात गोळा आला. मग शेवटी कशाने जमलं?

पायाखोल

माती काढून. आठशे वर्षं प्रत्येक जण मनोऱ्यात काहीतरी घालत होता, या लोकांनी उंच राहिलेल्या उत्तरेच्या बाजूखालून थोडी थोडी माती काढली. कल्पना फेर्नांदो तेर्राचिना या इटालियन अभियंत्याने १९६२ मध्येच मांडली होती. मेक्सिको सिटीच्या कॅथेड्रलखाली ही पद्धत वापरलीही होती.

करायचं कसं? उत्तरेकडून तिरकी पोलादी नळी जमिनीत घालायची, तिच्यात फिरणारा स्क्रू. स्क्रू माती घेऊन मागे येतो, नळीही थोडी मागे घ्यायची, टोकाशी पोकळी राहते आणि मऊ माती अलगद तिच्यात बसते. एका वेळी काही लिटर माती, बस्स. मोजमापं पिसाहून लंडनला दिवसातून दोनदा फॅक्सने जायची, आणि बर्लंड दुसऱ्या दिवशी कुठल्या नळीतून किती माती काढायची ते सही करून कळवायचे. आधी तिथल्याच हिरवळीवर प्रयोग केला. मग फेब्रुवारी १९९९ मध्ये मनोऱ्याखाली १२ नळ्या घातल्या, खबरदारी म्हणून कमरेला पोलादी दोर बांधून. मनोरा उत्तरेकडे वळला. पुढच्या वर्षी ४१ नळ्या. एकूण माती निघाली ती मुख्य टप्प्यात ३८ घनमीटर, आपल्या चार-पाच मोठ्या डंपरांइतकी. कल अर्ध्या अंशाने उतरला, वरचं टोक सुमारे ४५ सेंटिमीटर मागे आलं. शिसं हटवलं, आणि १५ डिसेंबर २००१ ला दारं उघडली.

उत्तरेच्या बाजूला पावसाळ्यात भूजल चढून पाया उचलला जायचा, तिथे नंतर निचऱ्याची सोयही केली. आता निदान दोनशे वर्षं तरी चिंता नाही असं तज्ज्ञ सांगतात.

श्वार्झवाल्डकर

जर्मनीतून नोंद: सुरहुसेन गावच्या चर्चचा मनोरा ५.१९ अंश कललेला आहे, आजच्या पिसापेक्षा जास्त! दलदलीत ओकच्या ओंडक्यांवर बांधलेला. ओंडके पाण्यात होते तोवर टिकले. एकोणिसाव्या शतकात शेतीसाठी जमिनीचा निचरा केला, लाकडाला हवा लागली, कुजलं आणि मनोरा कलला.

खान्देशी_वांगं

इटलीत भूकंप होतात ना? मग हा कसा टिकला?

पायाखोल

१२८० पासून निदान चार जोरदार भूकंप त्या भागाने पाहिलेत. २०१८ मध्ये ब्रिस्टल आणि रोमच्या संशोधकांनी उत्तर दिलं: मनोरा उंच आणि ताठ, माती एकदम मऊ. या जोडीमुळे मनोऱ्याच्या हेलकाव्याची लय इतकी संथ झाली की ती भूकंपाच्या हादऱ्यांशी जुळत नाही. ज्या मातीने कलवला तिनेच सांभाळला!

निळावंती

अवांतर: गॅलिलिओने याच मनोऱ्यावरून गोळे टाकले ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ती त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहिली. गॅलिलिओ पिसाचाच, तिथल्या विद्यापीठात शिकवायचाही, पण असा जाहीर प्रयोग खरंच झाला का याबद्दल बहुतेक इतिहासकारांना शंका आहे. बाकी गोळे टाकायला यापेक्षा सोयीची इमारत मिळणार नाही, भिंत मधे येतच नाही!

आडवाट

एवढी अक्कल होती तर पूर्णच सरळ का नाही केला?

पायाखोल

करताच येत नाही! विसरलात का, तो केळ्यासारखा वाकडा आहे. बूड ओळंब्यात आणलंत तर शेंडा उत्तरेला झुकेल. शेंडा ओळंब्यात आणलात तर बूड कललेलं राहील. गवंड्यांनी दोनशे वर्षं जी दुरुस्ती दगडात बांधून ठेवली ती आता निघत नाही. आणि अर्धा अंश पुरेसा होता. पायावरचा आणि दक्षिणेच्या भिंतीवरचा ताण तेवढ्याने उतरला. त्यापुढे हात लावायचा नाही असं समितीने ठरवलं, ते मला सगळ्यात आवडतं.

रानमोगरा

मुलगा म्हणतोय प्रकल्पात सहा आणि चार पायऱ्यांचं चित्र काढणार. पायाखोलदादा, मनापासून आभार. आम्ही मे महिन्यात इटलीला जातोय. सईताई, मुलाला वर सोडतील का? आणि तिकीट तिथे मिळतं का?

सई_तोस्काना

आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, त्यापुढच्यांना मोठ्यांसोबत चालतं. तिकीट वेळ ठरवूनच मिळतं, मे महिन्यात गर्दी असते, आधीच काढून ठेवा. पिशव्या, पाठीवरच्या सॅक सगळ्या खाली ठेवाव्या लागतात. पायांत रबरी तळव्याचे बूट घाला, पाऊस झाला तर संगमरवर फार निसरडा होतो. आणि हिरवळीवर थोडा वेळ मनोऱ्याकडे पाठ करून बसा. शेकडो माणसं हवेत हात टेकवून फोटोसाठी मनोरा सावरत उभी असतात, मुलाला फार मजा येईल.

रानमोगरा

तो साडेनऊचा आहे, जमलं मग! तिकीट आजच काढते.